वाकळेसाठी रेघ कुठून आणायची?

चित्रावरून शिवलेली माझी पहिली वाकळ कार्बन पेपरनं खाल्ली. चित्रकार नसरीन मोहमेदी यांचं एक रेखाचित्र मनात भरलं होतं. त्याची प्रत मोठी करून आणली, पांढऱ्या मांजरपाटावर कार्बन ठेवून रेघ न् रेघ उतरवली आणि दोन महिने टाके घातले. धुऊन दोरीवर टाकली, तेव्हा कार्बनची निळसर झाक तशीच होती आणि रेघांचा पत्ता नव्हता. आत्या दारातूनच म्हणाली, "हे काय गं, वही धुवून वाळत घातलीस काय?"

आत्याचं खरं होतं. कागदावरची रेघ सलग असते, टाका तुटक असतो. चित्रातल्या दोन रेघांमध्ये दोन मिलिमीटरची फट असेल तर तिथं धावदोरा मावत नाही. मावला तरी कापड चुण्या खातं, आणि चुण्यांत रेघ हरवते. तेव्हापासून मी चित्र उचलत नाही. चित्रकाराचा हात कुठल्या नियमानं चालला तेवढं उचलते, आणि तो नियम सुईला सांगते. पुढचं सगळं लिहिणं त्या एका गोष्टीसाठी आहे.

नावांचा घोळ आधीच मिटवते. आम्ही बेळगावकडचे लोक वाकळ म्हणतो, पुण्याकडे गोधडी, शेजारच्या कन्नड घरात कौदी, आणि खानापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी. वस्तू एका कुळातली, शिवायची रीत मात्र थोडी थोडी वेगळी. त्या वेगळेपणाचा उपयोग पुढे होणार आहे.

चित्र निवडताना

रंगाच्या छटांवर उभी असलेली चित्रं पहिल्या खेपेला बाजूला ठेवा. सुईला छटा कळत नाही, दिशा आणि अंतर कळतं. म्हणून रेघेची, ठिपक्यांची, काळ्या शाईची चित्रं बघा. मला स्वतःला तीन चित्रकारांनी वाकळ शिकवली, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या नसरीन मोहमेदी (१९३७–१९९०). जन्म कराचीचा, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शिकवायच्या, शेवट अलिबागजवळच्या किहीमला. वास्तुरचनाकार वापरतात त्या अवजारांनी, पेन्सिल आणि शाईत त्या रेघा ओढत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही, तारीखही घातली नाही. दुसरा अमेरिकन सोल लेविट (१९२८–२००७). त्यानं १९६८ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा थेट भिंतीवर पेन्सिलीनं चित्र काढलं आणि पुढे नुसत्या सूचना लिहून द्यायला लागला, रेघा दुसरेच लोक ओढायचे. तिसरे मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढ सिंग श्याम (१९६२–२००१). गोंड समाजातल्या या तरुणाला चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं. जनावरं-देव-झाडं यांची अंगं ठिपक्यांनी आणि बारीक तुटक रेघांनी भरायची त्यांची पद्धत पुढे जनगढ कलम म्हणून ओळखली गेली. त्या तुटक रेघा पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं, याला धावदोरा कुणी शिकवला?

चित्रं बघायला मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. मोठमोठी संग्रहालयं आपल्या संकेतस्थळांवर बारीक तपशील दिसेल अशी छायाचित्रं ठेवतात. तरी बंगळूरला कुणाच्या लग्नाला गेलात तर अर्धा दिवस काढून माणिक्यवेलू मॅन्शनमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बघून या. मोबाइलवर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. भिंतीसमोर उभं राहिलं की रेघेची खरी जाडी कळते, आणि कापडाला मापच हवं असतं.

फोनवर सांगता येईल असा नियम

चित्राची ए-फोर कागदावर काळी-पांढरी प्रत काढा. ती उलटी धरा, म्हणजे डोक्याकडची बाजू पायाकडे. उलटं धरलं की डोळा 'हे कशाचं चित्र' असं विचारणं सोडतो आणि नुसत्या रेघा बघायला लागतो. मग वर बटर पेपर ठेवा, पण सगळ्या रेघा गिरवायच्या नाहीत. सगळ्यात दाट जागा कुठली, सगळ्यात मोकळी कुठली आणि रेघ कुठं तुटते किंवा वळते, एवढंच पेन्सिलीनं हलकं दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. दहा मिनिटं लागली तर तुम्ही गिरवायला लागलात असं समजा.

आता बटर पेपरही बाजूला ठेवा आणि जे बघितलं ते एका वाक्यात लिहा. वाक्य असं हवं की निपाणीतल्या मावशीला फोनवर सांगितलं तर तिला चित्र न बघता टाके घालता यावेत. उदाहरणार्थ: "आडव्या रेघा घाल, वर दाट, खाली येताना अंतर वाढवत जा, उजव्या अंगाला वीतभर जागी प्रत्येक रेघ तोड." मावशीनं "म्हणजे किती दाट?" असं विचारलं तर वाक्यात आकडा घाला. "तोड म्हणजे कुठं?" विचारलं तर जागा सांगा. मावशीचे प्रश्न संपले की नियम तयार.

लेविटचं काम असंच चालायचं. तो गेल्यावरही त्याच्या सूचना वाचून लोक भिंतींवर चित्रं काढतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मास मोका संग्रहालयात २००८ पासून त्याची १०५ भित्तिचित्रं अशीच दुसऱ्यांच्या हातांनी उतरवलेली आहेत. आपल्याकडे मात्र "दोन बोटं सोडून टाका घाल" एवढ्या एका सूचनेवर चार जणींनी चार बाजूंनी शिवलेल्या वाकळेला कुणी सूचनाचित्र म्हटलं नाही. असो.

कापड

साडेपाच मीटरची एक जुनी सुती साडी म्हणजे सुमारे २१६ इंच. तिचे ४५ इंचाचे चार तुकडे केले की १८० इंच जातात. ३६ इंच उरतात, ते ठिगळांना. पन्हा ४४-४५ इंचाचा असतोच, त्यामुळे चार थरांची, ४४ इंच चौरस छोटी वाकळ एका साडीत बसते. नातवंडाच्या अंगावर घालायला किंवा दुपारच्या डुलकीला पुरेशी. पहिली वाकळ यापेक्षा मोठी करू नका.

चारही थर काठासकट घेतले तर कडेला जाडी होते, सुई वाकते आणि बोट जातं. म्हणून वरचा आणि खालचा थर काठासकट ठेवा, आतल्या दोन थरांचे काठ काढून टाका. इरकलच्या लुगड्याचा पदर सापडला तर तो मात्र कापू नका. टोपतेनी म्हणतात त्या पदरावरचे ते लाल-पांढरे दात-पट्टे हे मुळातच एक रेखाचित्र आहे. तो सरळ वरच्या थरात एका कडेला घ्या आणि नियमाची पहिली रेघ त्याच्या पट्ट्यावरून सुरू करा. पदर रेशमी किंवा रेयॉनचा आणि अंग सुती असेल तर दोन्ही धुण्यात वेगवेगळे आटतात. त्यामुळे शिवण्याआधी कापड कोमट पाण्यात भिजवून वाळवणं चुकवू नका.

रंगाची परीक्षाही त्याच वेळी घ्या. खणाचा किंवा गडद लाल-हिरव्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर ते कापड वाकळेत घालू नका. मीठ घाला, व्हिनेगर घाला असे सल्ले मिळतील. मी दोन्ही करून बघितले, आणि दोन्ही वेळा पांढरा भाग गुलाबी झाला.

जुनं कापडच का? शंभर वेळा धुतलेल्या सुताचा कडकपणा गेलेला असतो आणि सुई लोण्यातून जावी तशी जाते. बेळगावात शहापूरच्या खडे बाजारात नवा मांजरपाट स्वस्त मिळतो, पण चार थर नव्या मांजरपाटाचे घेतलेत तर तिसऱ्या दिवशी अंगठा बोलेल. खालच्या थराला नवं कापड हवंच असेल तर एकच थर घ्या आणि त्याची खळ काढून घ्या.

थर जुळवणं

फरशी पुसून घ्या. सगळ्यात खालचा थर पसरा, चार कोपऱ्यांना काहीतरी जड ठेवा. आमच्याकडे वरवंटा, पाटा आणि दोन विटा असतात. त्यावर एकेक थर, प्रत्येक वेळी मधून कडेकडे हात फिरवत. मग कच्चे टाके: मधून सुरू करून कडेला जायचं, आडवे-उभे, दर चार इंचांवर. कच्चे टाके लांब असू द्या, उसवायला सोपे पडतात. या कामाचा कंटाळा येतो, पण थर सरकलेली वाकळ नंतर सुधारत नाही. धुण्यात तिच्या पोटात गुठळी होते.

आखणी, म्हणजे रेघ कापडावर कशी न्यायची

गडद कापडावर सुकलेल्या साबणाची चिप, फिक्या कापडावर शिंप्याचा निळा खडू. बॉलपेन नको, कार्बन तर मुळीच नको, कारण तो अनुभव वर सांगितलाच आहे. चव्वेचाळीस इंचांची सरळ रेघ पट्टीनं ओढायला बसलात तर तीन ठिकाणी वाकडी होते. त्यापेक्षा गवंड्याची युक्ती वापरा. जाड दोरीला खडूची भुकटी लावा, दोन टोकं दोघींनी घट्ट ताणून धरा आणि मधून उचलून सोडा. फटक्यासरशी सरळ रेघ उठते. गवंडी गेरू वापरतात, पण गेरूचा डाग जात नाही, आपण खडूच घ्यायचा. एकट्या असाल तर अर्ध्या इंचाची मास्किंग टेप चिकटवा आणि तिच्या कडेनं शिवा. दुसऱ्या कडेनं शिवलं की दोन रेघांत आपोआप अर्धा इंच पडतो. टेप रात्रभर कापडावर ठेवू नका, डिंक उतरतो.

आता अंतरांचा हिशेब. ए-फोर प्रत साधारण आठ इंच रुंद, वाकळ चव्वेचाळीस. म्हणजे साडेपाच पट. प्रतीवर दोन मिलिमीटरची फट असेल तर कापडावर अकरा मिलिमीटर, अर्ध्या इंचाला थोडी कमी. हातशिलाईच्या वाकळेला अर्धा इंच ही सगळ्यात दाट रेघ धरा, त्याखाली जाऊ नका. चित्रात त्याहून दाट काही असेल तर तिथं रेघा कमी करा आणि दोरा जाड घ्या. डोळ्याला दाटपणा तितकाच वाटतो.

नसरीन यांच्या चित्रांवरून मी केलेल्या वाकळेची अंतरं देते, तशीच्या तशी घेतली तरी हरकत नाही. वरून खाली येताना अर्ध्या इंचाची आठ अंतरं, मग पाऊण इंचाची आठ, एक इंचाची आठ, दीड इंचाची सहा, दोन इंचांची चार आणि शेवटी तीन इंचांची तीन. बेरीज बरोबर ४४ होते. रेघा ३६, प्रत्येक ४४ इंचांची, म्हणजे सगळी मिळून सुमारे ४० मीटर टाका. इंचाला चार टाके धरले तर साडेसहा हजारांच्या आत. दोरा दीडपट, म्हणून ६० मीटर. माझ्या हाताला एका रेघेला पाव तास लागतो. म्हणजे नऊ तास, रोज एक तास बसलं तर नऊ दिवस. हीच वाकळ सगळीकडे अर्ध्या इंचावर शिवली असती तर ८७ रेघा आणि बावीस तास. मोकळ्या जागेनं हात वाचवला.

पण मोकळ्या जागेची एक गोम आहे. कागदावर कोरी जागा नुसती कोरी राहते. कापडात तीन इंचांची कोरी पट्टी धुण्यात सैल पडते, थर आत सरकतात. म्हणून त्या तीन पट्ट्यांच्या मधोमध कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं एकेक रेघ घालते. मी त्यांना मुके टाके म्हणते. लांबून दिसत नाहीत, थर मात्र धरून ठेवतात. दिसणाऱ्या रेघांना कापडापेक्षा दोन पावलं गडद दोरा घ्या. पांढऱ्यावर काळा एकदम घेतला तर टाक्याची प्रत्येक चूक ओरडून दिसते.

टाका

दोरा मेणावरून ओढून घ्या, हातभरापेक्षा लांब घेऊ नका. जुन्या बायका वारभर दोरा ओवतात आणि त्यांचा गुंता होत नाही, पण ते कसब आहे आणि आपल्याला अजून यायचंय. सुई दोरा जाईल इतकी जाड आणि त्याहून अजिबात जाड नको. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला.

शिवायला मधल्या रेघेपासून बसा, म्हणजे वरून वीस-बावीस इंचांवरच्या. तिच्या वरची एक, खालची एक, असं करत कडेला जा. एक रेघ डावीकडून उजवीकडे घातली तर पुढची उजवीकडून डावीकडे. सगळ्या एकाच दिशेनं घातल्या तर प्रत्येक टाका कापडाला त्याच बाजूला रेटतो आणि शेवटी चौकोनाचा काटकोन जातो. माझ्या दुसऱ्या वाकळेचं तेच झालं. तिरकी झालेली ती वाकळ आता मांजर वापरतं.

एखादी रेघ चित्रात ठळक आहे, ती सलग दिसायला हवी असेल तर कसुती भरतकामातला गवंती टाका वापरा. धारवाडकडच्या कसुतीत गवंती, मुर्गी, नेय्गे आणि मेंथी असे चार टाके आहेत. गवंतीत आधी धावदोरा घालायचा आणि मग त्याच भोकांतून परत येत मधल्या फटी भरायच्या. दोन्ही बाजूंनी सलग रेघ तयार होते. चार थरांतून त्याच भोकातून परत येणं सोपं नाही, दहातला एक टाका चुकतोच. म्हणून अख्ख्या वाकळेत तीन-चार रेघांनाच गवंती करा. मुर्गी म्हणजे तीच रीत नागमोडी चालीनं. तुटक, दातेरी रेघ हवी असेल तिथं ती कामाला येते.

काठाकडून आत: सिद्दी रीत

वरचा हिशेब सरळ, कडेपासून कडेपर्यंतच्या रेघांचा झाला. आमच्या आजीची वाकळ अशी शिवली जात नसे. ती कडेनं सुरू करायची आणि फेऱ्या मारत मध्यापर्यंत यायची. मधला शेवटचा टाका बंद करायच्या आधी आत पोळीचा तुकडा सारायची, "उपाशी वाकळ ऊब देत नाही" म्हणून.

सिद्दी बायकांची कवंदी याच रीतीनं पण आणखी मोकळेपणानं होते. वरचं कापड आधी जोडून तयार केलेलं नसतं. जमिनीवर बसून, कडेपासून आत येता येता एकेक ठिगळ दुमडून ठेवतात आणि सगळ्या थरांतून एकदमच शिवून टाकतात. ठिगळ जोडणं आणि टाका घालणं हे एकच काम. चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्या घालून छोटी फुलं लावतात, त्यांच्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. चित्राच्या दृष्टीनं ही रीत फार उपयोगाची आहे, कारण तिच्यात आखणी लागत नाही. नियम असा देता येतो: "प्रत्येक फेरीला मागच्या फेरीपेक्षा लहान ठिगळं, आणि ठिगळ बदललं की दोऱ्याचा रंग बदल." पुढे काय होणार ते शिवणारीलाही माहीत नसतं. मला विचाराल तर रेखाचित्राच्या सगळ्यात जवळची वाकळ हीच.

फेऱ्यांची वाकळ मध्यात फुगते, हा तिचा दोष. कडेला टाके ओढून घातले आणि मध्ये कापड जास्त उरलं की पोट येतं. त्यासाठी दर तीन फेऱ्यांनंतर वाकळ उलटी करून फरशीवर पसरा आणि हात फिरवा. उचलल्यासारखं वाटलं तर पुढच्या दोन फेऱ्या सैल घाला.

पंधरा घरं आणि एक रिकामं

चार-पाच जणी मिळून शिवणार असाल तर लेविटचा नियम घ्या. रेघा चारच प्रकारच्या: उभी, आडवी, डावीकडे तिरकी, उजवीकडे तिरकी. यातली एकेक घेतली तर चार घरं, दोन-दोन घेतल्या तर सहा, तीन-तीन घेतल्या तर चार, आणि चारही घेतल्या तर एक. झाली पंधरा. आपली वाकळ ४४ इंच, म्हणजे अकरा इंचांची चार-चार, सोळा घरं. सोळावं घर रिकामं राहतं, तिथं गुळेदगुड्डाच्या खणाचं एक ठिगळ लावा आणि त्याच्या कडेनं फक्त दोन मुके टाके घाला.

रेघांमध्ये एक-एक इंच अंतर ठेवलं तर एका घरातल्या उभ्या किंवा आडव्या रेघा मिळून ११० इंच होतात, तिरक्या सुमारे १२०. म्हणजे चारही दिशांचं घर एकट्या उभ्या रेघांच्या घरापेक्षा चौपट टाके खातं. सगळी वाकळ मिळून जवळजवळ ९५ मीटर. आणि जास्त टाके म्हणजे जास्त आटणं. लेविटच्या मांडणीत सोप्या घराकडून दाट घराकडे क्रम जातो, तो कागदावर सुंदर दिसतो. कापडावर तसा क्रम लावलात तर दाट बाजू आखडते आणि वाकळ पंख्यासारखी होते. म्हणून मी इथं त्याचा क्रम सरळ मोडते. चारही दिशांचं घर मधल्या चारांपैकी एकात, तीन-तीन दिशांची चार घरं विखरून, आणि कडेला जास्तीत जास्त एकेरी-दुहेरी घरं. चित्रकार रागावला तर रागावू दे, अंगावर आपल्याला घ्यायची आहे.

तिरक्या रेघेचं आणखी एक बघा. तिरकं शिवणं म्हणजे कापडाच्या उरेबवर, आडव्या-उभ्या धाग्यांना तिरकं शिवणं, आणि उरेब ताणली जाते. त्या घरांत कच्चे टाके चारऐवजी दोन इंचांवर घाला आणि दोरा कधीही ओढून घेऊ नका.

चौघींचे टाके एकसारखे येणार नाहीत. येऊ देऊ नका. कुणाचा टाका तांदळाएवढा, कुणाचा मक्याच्या दाण्याएवढा. घर बदललं की हात बदललेला दिसतो. आमच्या वाकळेत आत्याचं घर कुठलं ते शाळेतली पोरंसुद्धा ओळखतात.

अंग भरणं

जनगढ यांच्या चित्रांतून नियम घ्यायचा असेल तर तो साधा आहे: आकार एक, आणि त्याच्या आतल्या टाक्यांची दिशा आकाराच्या वळणानं जाणारी. भीमगडच्या जंगलातला गवा घ्या, आमच्या खानापूर तालुक्याला तोच शोभतो. काळसर कापडातून गव्याचा आकार कापा, पाव इंच मार्जिन ठेवून आत दुमडा, वरच्या थरावर टाचा आणि मग चारही थरांतून भरा. मानेवर टाके मानेच्या वळणानं, पोटावर पोटाच्या, पायांवर उभे. गव्याच्या बाहेर त्याच्या कडेला समांतर फेऱ्या घालत जा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा.

भरायचा नमुना मात्र जनगढ यांचा घेऊ नका. आजच्या गोंड चित्रकारांत प्रत्येकाचा भरण्याचा नमुना स्वतःचा असतो, ती जवळजवळ सही असते. दुसऱ्याची सही कशाला करायची? आपल्याकडे नमुने काय कमी आहेत? मंगळुरी कौलांचे एकावर एक चढलेले खवले, मागाच्या फणीत ओवलेले धागे, निपाणीकडे तंबाखूची पानं वाळत घालतात त्या रांगा, चिकोडीच्या उसाच्या सऱ्या. मी एकदा बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकले होते. मालगाडी लांबलचक होती. पिशवीतल्या बिलामागे रूळ, वायरी आणि फाटकाचे पट्टे रेखाटले. गाडी गेली, मागचे लोक हॉर्न वाजवत होते, पण नमुना हातात होता: दोन रेघा जवळ, एक लांब, दोन जवळ, एक लांब. आत्तापर्यंत तीन वाकळांत वापरलाय.

विकायची असेल तर

घरात वापरायला कुणाच्या चित्रावरून शिकलात तर कुणी विचारायला येत नाही. विकायला ठेवली की प्रश्न वेगळा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कलाकृतीचा हक्क त्याच्या वारसांकडे असतो, म्हणजे नसरीन यांच्या चित्रांचा २०५० संपेपर्यंत. चित्र जसंच्या तसं कापडावर उतरवून विकणं या हक्काच्या आड येतं. दाट-विरळ रेघा ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही, पण एखादं ठरावीक चित्र ओळखू येत असेल तर ती वाकळ विकू नका. नियमावरून काम केलं असेल तर ही अडचण बहुतेक येतच नाही. तरी गिऱ्हाइकाला कुणाकडून काय शिकलो ते सांगावं, आणि सिद्दी रीतीनं शिवलेलीला सिद्दी रीतच म्हणावं.

कड, धुणं आणि मागची बाजू

४५ इंचांच्या कापलेल्या कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून दोन रांगा धावदोरा घाला, कच्चे टाके उसवा. पहिलं धुणं थंड पाण्यात, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा. धुतल्यावर दाट भाग आखडून वर येतो, विरळ भाग खाली बसतो. कागदावर नसलेली ही सावली वाकळेलाच मिळते, आणि चव्वेचाळीसची त्रेचाळीस झाली तर दचकू नका. हे सगळं मृगाच्या आधी उरका. आमच्याकडे जूनमध्ये धुतलेली जाड वाकळ आठ दिवस ओली राहते आणि तिला येणारा वास पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही.

वाळली की उलटी करा आणि मागच्या कोपऱ्यात साल आणि नियम बारीक टाक्यांनी लिहून ठेवा. माझ्या वाकळेवर आहे: "आडव्या ३६, वर दाट, खाली विरळ." कुणी पुढे तशीच शिवायला घेतली तर चित्र शोधत बसायला नको. पंधरा घरांची वाकळ आत्याकडे आहे. तिला म्हटलं, तूही कोपऱ्यात नियम लिही. तिनं लिहिलं, "दुपारी उठवू नये."